निजला म्हणावं

“आबा, गेलाऽऽ!”

आतल्या खोलीतून ही हाक यायची तेव्हा सुदर्शन नुकता कॉलेजात जायला लागला होता. आवाज फुटत होता, त्यामुळे ‘गेला’मधला ‘ला’ कधी कोंबड्यासारखा वर चढायचा, कधी विहिरीत पडलेल्या बादलीसारखा खाली जायचा. गेला म्हणजे कंप्युटर. कुठंतरी कुणाची तरी मोटार चालू व्हायची, घरातला दिवा पिवळा पडायचा, आणि पोराचं अर्धं केलेलं काम पोटात घेऊन कंप्युटर बंद व्हायचा. ओट्यावर बसलेला सोपान तिथूनच म्हणायचा, “यील परत.” आणि स्वयंपाकघरातून भागूबाईचा आवाज यायचा:

“भरल्या घरात गेला-गेला काय लावलंय रं? निजला म्हन.”

“आई, तो काय दिवा हाय का निजायला?”

“पेटतोय, इझतोय. मंग दिवाच की!”

भागूबाईच्या घरात काही शब्दांना उंबऱ्याच्या आत यायला मज्जाव होता. तिथं बांगडी फुटत नसे, वाढत असे. डब्यातले तांदूळ संपत नसत, तेही वाढत. दिवा विझत नसे, निजत असे. तिच्या आईनं तिला दिलेली एक ओवी होती. दळण गिरणीवर जायला लागून जमाना लोटला, तरी भाकरी थापताना ती ओठांवर यायचीच:

दिवा गेला म्हनू न्हाई, दिवा निजला म्हनावं,
पहाटच्या पाऱ्यामंदी त्याला हळू उठवावं.

पोरगं हसायचं. पण आईपुढं कुणाचं चाललंय? हळूहळू त्याच्याही तोंडात तेच बसलं. “आबा, निजला,” असं तो ओरडायचा आणि सोपान वायरचा खटका खालीवर करायला उठायचा.

आता सुदर्शन पुण्यात आहे आणि भागूबाई नाही. परसालच्या श्रावणात ती पुढं निघाली. सोपान तसंच म्हणतो, ‘पुढं निघाली’. दुसरा शब्द त्याच्या तोंडून आजवर निघाला नाही. वर्षश्राद्धाला पोरगा आला, पिंडाला कावळा शिवेपर्यंत उन्हात उभा राहिला, आणि त्याच संध्याकाळी गाडीत बसला. पिंपळवंडी ते पुणं काही सातासमुद्रापलीकडचं अंतर नव्हे. सकाळी निघालेला माणूस न्याहारीला पोचतो. पण त्या दिवसापासून पोरगा आला नाही, आणि बापानं ‘ये’ म्हटलं नाही. पोरानं आपणहून यावं. मागून आणलेला पाहुणा दोनच दिवसांचा, असं सोपानचं मत.

फोन असायचा. आठवड्यातून एखादा.

“जेवला का?”

“हो. तुमी?”

“हो.”

“मंग? काय इशेष?” सोपानच पुढं विचारायचा.

“काय न्हाई. ठिवू?”

“ठिव.”

झालं. बापलेकांचं भांडण नव्हतं, अबोला नव्हता. त्यांना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती, एवढंच. आजवर दोघांमधलं सगळं बोलणं भागूबाईच्या हातून व्हायचं. “त्याला इचार, कधी येतोय,” असं सोपान तिला म्हणायचा आणि ती फोनमध्ये विचारायची. “आबांना सांग, दवाखान्यात जा,” असं पोरगा तिला म्हणायचा आणि ती वळून सांगायची. ती पाट होती. एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात तिच्यातून जायचं. पाटच उरला नाही, तर दोन्ही वाफे आपापल्या जागी कोरडे.

घर तसं चांगलं. स्लॅबचं, पुढं ओटा, ओट्यापुढं चिंच, चिंचेपलीकडं पुतण्या बाळासाहेबाचा कांदा. पण दुपार झाली की त्या घरात असं काही शांत व्हायचं की सोपानला स्वतःचं पाणी पिणं ऐकू यायचं. घोट घेतला की घळघळ. पेला ठेवला की ठक. टीव्ही लावून बघितला, पण टीव्हीतली माणसं त्याच्याशी बोलत नव्हती, एकमेकांशीच भांडत होती. मग एक दिवस त्यानं आतल्या खोलीत जाऊन कंप्युटरवरची चादर काढली आणि खटका दाबला. आधी एक शीळ, मग पंख्याची घरघर. कुणीतरी आतल्या खोलीत बसून काम करतंय, असं वाटलं. बस्स. तेव्हापासून सकाळी उठलं की दूध तापवायचं, आणि तो चालू करायचा. पत्त्यांचा एक डाव पोरानं पूर्वी दाखवलेला होता, तो मांडून बसायचं. डाव लागला तर ठीक, न लागला तर ठीक. घरात काहीतरी चालू असावं.

आणि होळीच्या आसपास तो निजायला लागला.

डाव ऐन रंगात असायचा, आणि पटकन पडदा काळा. पंखा थांबायचा, घरघर थांबायची, आणि ती शांतता परत येऊन मांडी घालून बसायची. लगेच खटका दाबला तर उठायचा नाही. थोड्या वेळानं दाबला तर उठायचा, आणि परत कधीतरी निजायचा. लाईट तर होती. डोक्यावरचा पंखा फिरत होता. मोटारीची पाळीही नव्हती. मागच्या जाळीपाशी नाक नेलं तर जळकट वास.

सोपाननं फोन लावला. आपणहून. पोरगा घाबरलाच.

“काय झालं आबा? बरं हाय ना?”

“मला काय धाड भरलीय! तुझा कंप्युटर निजतोय सारखा.”

मग पोराचा आवाज आला, तो जरा वेगळाच होता, जणू तो खुर्चीत सरसावून बसला असावा.

“निजतोय? म्हणजे एकदम? निळा पडदा बिडदा?”

“निळा न्हाई, पिवळा न्हाई. काळा. अन् मागनं जळका वास मारतोय.”

“हं,” सुदर्शन म्हणाला. आणि थोडं थांबून, “आबा, तुमच्याकडं स्क्रू-ड्रायव्हर हाय का?”

तिथून सुरुवात झाली.

पहिल्या संध्याकाळी कंप्युटरच्या डब्याची बाजू उघडली. आत काय, धुळीचा संसार! बाजरीचं भुसकट, कोळ्याची जळमटं, आणि एका कोपऱ्यात चिखलाचं टणक घर.

“कुंभारमाशीनं घर केलंय रं आत.”

“काढा मग.”

“पिल्लं असतील तर?”

“आबा! कंप्युटर नीट करायचाय का माशीचं बाळंतपण?”

“मी आपलं इचारलं.” घर रिकामं निघालं. सोपाननं ते खरवडून काढलं, जुन्या ब्रशानं पंख्याची पाती पुसली. सुदर्शन म्हणाला, आता चालू करा, बघू. चालू व्हायला वेळ लागायचा. तेवढा वेळ दोघांच्या कानाला फोन. गप्प बसायचं तरी किती? सोपान म्हणाला, यंदा बाळासाहेबाच्या कांद्याला डेंगळे लई आलेत, नुसताच फुलतोय. सुदर्शन म्हणाला, हितं गॅलरीत कबुतरीनं अंडी घातलीत, हुसकावलं तरी जात न्हाई. सोपान म्हणाला, राहू दे, जागा आवडली असंल. आणि कंप्युटर उठला.

दुसऱ्या दिवशी परत निजला. सुदर्शननं संध्याकाळी आपणहून फोन केला. “काय म्हणतोय?”

“निजला की. दुपारीच.”

“मग आज रॅम काढू. लांबट हिरवी पट्टी असते बघा. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबा. खोडरबरानं तिची पितळी किनार पुसायची.”

खोडरबर घरात कुठला? सोपान किराणा दुकानात गेला. तिथं मिळाला तो पोरींच्या कंपासपेटीतला, गुलाबी, फळाच्या वासाचा. पट्टी पुसली, बसवली, चालू केलं. ते उठेपर्यंत पुन्हा गप्पा. “आता जळकाबी वास येतोय अन् गोडबी. चुलीवर जेली करपल्यावानी,” सोपान म्हणाला, आणि पोरगा हसला.

मग वायरी झाल्या. हार्ड डिस्कची वायर काढून बसवा. डीव्हीडीची काढूनच टाका. पंख्याखालचा जुना लेप पुसा. पुन्हा रॅम, यावेळी दुसऱ्या खाचेत. रोज एक नवं. रोज दिवेलागणीला फोन, “काय म्हणतोय?” आणि रोज तो उठेपर्यंतची ती मोकळी जागा, जिथं काहीही बोललं तरी चालायचं, कारण ते बोलणं मोजलं जात नव्हतं. ते काम नव्हतं, कामाच्या मधलं होतं. रानात दोन माणसं बांधावर टेकतात, तंबाखू मळतात आणि जे बोलतात, तसं. सुदर्शननं एकदा विचारलं, आमटीला आई खोबरं भाजून घ्यायची का कच्चं? सोपान म्हणाला, भाजून, पण काळं न्हाई होऊ द्यायचं. मग सुदर्शन म्हणाला, “उठला का हो?” आणि सोपान म्हणाला, “उठतोय.”

सोपान काही खुळा नव्हता. त्याला एक गोष्ट लख्ख दिसत होती. ज्या दिवशी हे यंत्र धड होईल, त्या दिवशी फोन परत ‘जेवला का’वर येऊन थांबेल. म्हणून रोज सकाळी खटका दाबताना त्याच्या मनात धाकधूक असायची, पण ती उलटी. लोक म्हणतात, देवा, बिघडू देऊ नको. हा म्हणायचा, देवा, आजच्यापुरता तरी निजू दे त्याला.

पण गावात कुणाचं दुखणं झाकून राहतं? एक दिवस बाळासाहेब कांद्याच्या गोणी पिकअपमध्ये रचून दारात आला.

“नाना, आळेफाट्याला चाललोय. टाका ते डबडं गाडीत. फाट्यावर जया म्हनून पोरगी हाय, आळ्याचीच. कंप्युटर असा उघडती, जशी शेंग सोलावी.”

“राहू दे रं. सुदा बघतोय फोनवरनं.”

“फोनवरनं! फोनवरनं सोयरीक जमत न्हाई, कंप्युटर कुठला दुरुस्त व्हायला? चला बसा.”

नाही म्हणायला सोपानपाशी कारण नव्हतं. जे कारण होतं ते सांगता येण्याजोगं नव्हतं. डबा पोत्यात घालून तो पिकअपमध्ये पुढं बसला, मांडीवर घेऊन, कोकरू घ्यावं तसा.

जयाचं दुकान म्हणजे एक टेबल आणि वर टांगलेल्या वायरींचं जंगल. ती एकीकडं मोबाईल कानाला लावून कुणाला तरी कॅमेऱ्याचा भाव सांगत होती, एकीकडं डब्याच्या पाठीमागं वायरी जोडत होती.

“बोला नाना. काय त्रास?”

“निजतो.”

“निजतो?”

“सारखा निजतो. पत्त्यांचा डाव चालू असतो, मधेच.”

“मग जागं कसं करता?”

“खटका दाबायचा. थोडं थांबून.”

जया खुदकन हसली. “अहो नाना, तुमी पत्त्याचा इचार करीत बसत असाल, त्याला वाटतं म्हातारा झोपला, मग तोबी झोपतो. सेटिंग असतं तसं. स्लीप मोड.” तिनं चारदोन ठिकाणी टिचक्या मारल्या. “झालं. झोपायचं बंद केलं त्याचं. आता तुमी निजला तरी तो निजायचा न्हाई.” दुकानात तो चांगला चालला. तिनं मजुरीही घेतली नाही. एवढ्याशाला काय घ्यायचं, म्हणाली.

घरी आल्यावर कंप्युटर दिवसभर चालला. संध्याकाळी फोन आला.

“काय म्हणतोय?”

“चालतोय.”

“हो? बरं झालं. जेवला का?”

“हो. तू?”

“हो. ठिवू?”

“ठिव.”

सोपान फोन हातात धरून ओट्यावर बसला. चिंचेवर बगळे टेकत होते, एकमेकांना सरकायला लावत होते. आत यंत्राची घरघर चालू होती. पण आज ती ऐकून त्याला कुणी आत बसलंय असं वाटेना. नुसता पंखा होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, डाव अर्ध्यावर असताना, पडदा काळा झाला. “बरं झालं राव!” सोपान मोठ्यानं म्हणाला, आणि आपणच दचकला.

त्या संध्याकाळी जयाच्या दुकानातली हकीगत ऐकून सुदर्शन इतका हसला की त्याला ठसका लागला. “आबा, तुमी तिला ‘निजतो’ असं सांगितलंत? ती काय आपल्या आईची लेक हाय का? तिला वाटणारच स्लीप मोड!”

“मंग काय म्हनायला पायजे व्हतं?”

हसणं थांबलं. “काय न्हाई,” सुदर्शन म्हणाला. “बरोबर म्हणालात. आणि आबा, आता परत दुकानात नका नेऊ. कशाला हेलपाटे. आपण बघू ना. आज मॉनिटरची वायर बदलून बघा.”

असे आणखी किती दिवस गेले असते, कुणास ठाऊक. पण बाळासाहेबाच्या गोठ्याशी बिबट्या येऊन गेला. वासरू वाचलं, कुत्रं गेलं. बाळासाहेबानं गोठ्याला कॅमेरा लावायचं ठरवलं आणि जया शिडी घेऊन पिंपळवंडीत हजर झाली. काम उरकल्यावर हात धुताना तिला आठवण झाली.

“नाना, तुमचं झोपाळू बाळ काय म्हनतंय?”

“निजतंय,” सोपान म्हणाला. खोटं बोलणं जमलं नाही.

“आता? मी तर बंद केलं व्हतं.” ती थेट आतल्या खोलीत शिरली. “बघू, कसा निजतो.”

पत्ते मांडले. जया चहा पीत उभी राहिली, बिबट्याच्या पंजाचे फोटो दाखवत राहिली. आणि पटकन पडदा काळा झाला, पंखा थांबला.

“हा बघ. निजला.”

जया यंत्राकडं बघत राहिली. मग सोपानकडं. “नाना, ह्याला निजला म्हनत्यात व्हय? निजला म्हंजी दिवा लागून राहतो, आत धुगधुगी असती. हा तर...” तिनं हात पालथा केला. “हा बंद पडला. ह्याला काय म्हनता तुमी?”

“आमच्याकडं निजलाच म्हनत्यात.”

“पन खरं काय होतं त्याचं?”

सोपाननं ओठ ओले केले. एवढा साधा शब्द. गावात दिवसातून शंभरदा लोक तो वापरतात. बस गेली, पाऊस गेला, लाईट गेली. “जातो,” तो म्हणाला. आणि म्हटल्यावर त्याला उगीचच खोलीत कुणीतरी वळून बघितल्यासारखं वाटलं. “जातो तो. एकदम. काय न सांगता जातो.” त्याचा आवाज बारीक झाला. जयानं तो ऐकला असावा, कारण ती खाली वाकली आणि उगाच वायर चाचपत राहिली.

तिनं मागच्या जाळीला नाक लावलं. “जळका वास कवापासून येतोय?”

“पहिल्यापासून.”

“मग झालं की. पॉवर सप्लाय गेलाय ह्याचा. गाडीत एक हाय माझ्या, लावते.”

चिंचेखाली उभ्या गाडीतून तिनं पत्र्याची एक पेटी आणली, जुनी काढली, नवी बसवली. हात भराभर चालत होते आणि तोंडही. “पन नाना, बाळासाहेब तर म्हनत व्हते पोरगा फोनवरनं बघतोय. काय काय करायला लावलं त्यानं?”

सोपाननं सांगितलं. पंखा, रॅम, वायरी, परत रॅम, मॉनिटर.

“मॉनिटर?” जयाचा हात थांबला. “धूळ काढायला लावली, ते बरोबर. गरम होऊन बंद पडतोय का, ते बघायला. पन त्याच्यानंतर... जळका वास सांगितला व्हता त्याला?”

“पहिल्याच फोनला.”

“अन् लगेच चालू होत न्हाई, थोडं थांबावं लागतं, हे?”

“तेबी.”

“अन् निजला म्हंजी काय, ते तरी त्याला कळतं ना? का त्यालाबी स्लीप मोड वाटलं?”

“त्याला न कळायला काय झालं? त्याच्या आईचाच शब्द तो.”

“काय करतो पोरगा?”

“कंप्युटरचंच काम हाय त्याचं.”

जयानं शेवटचा स्क्रू पिळला. ती काहीतरी बोलणार होती, पण तिनं भिंतीवरच्या, हार घातलेल्या भागूबाईच्या फोटोकडं बघितलं आणि शब्द गिळला. “असंल कामाच्या गडबडीत. चला, आता ह्याला निजायचं सुख न्हाई. दोन दिवस वापरा, मग बघू काय द्यायचं ते. चहा चांगला झालता हां, नाना. फक्त साखर वैऱ्यानं घातल्यासारखी.”

ती गेली. यंत्र चालत राहिलं. सोपान पत्ते मांडायचं विसरून खुर्चीत बसून राहिला.

पोराला ठाऊक होतं. पहिल्याच संध्याकाळी. त्याचं ते ‘हं’ आठवलं. त्या ‘हं’नंतर तो थांबला होता.

मग थट्टा केली का बापाची? गुडघे टेकून, चष्मा पुसत, म्हाताऱ्याला खिट्ट्या दाबायला लावल्या? सोपानच्या छातीत एक राग उठला, पण तो धड पेटेना. कारण रागाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं. इतके दिवस फोन कानाला लावून तो पोराचा आवाज ऐकत होता. त्या आवाजाच्या मागं काय होतं, ते त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. आता आठवून बघितलं. मागं कुणी भांडी घासत नव्हतं. कुणी दार वाजवत नव्हतं, कुणी हाक मारत नव्हतं. टीव्ही नव्हता. एक ती कबुतरी घुमायची, आणि एकदा पेला ठेवल्याचा आवाज आला होता. ठक.

तो आवाज सोपानला चांगला ओळखीचा होता.

दिवेलागण झाली. त्यानं देवापुढं वात लावली आणि ओट्यावर येऊन बसला. बाळासाहेबाच्या गोठ्यावरचा कॅमेरा लाल डोळा उघडून बघत होता. फोन वाजला.

“काय म्हणतोय?”

‘निजला’ हा शब्द सोपानच्या जिभेवर तयार होता. एकदा म्हटला की आजची संध्याकाळ पदरात पडली असती. उद्याचीही. पोरानं आणखी एक वायर काढायला लावली असती, यानं नुसतंच ‘काढली’ म्हटलं असतं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण मग त्याच्या डोळ्यांपुढं आलं, की तिकडं त्या खोलीत एकटा बसून पोरगा उद्यासाठी नवा बिघाड शोधतोय. आता यंत्रातली कुठली वस्तू उरली, ते आठवतोय. आणि सगळ्या वस्तू संपल्या की?

“चालतोय,” सोपान म्हणाला. “जया आलती. सप्लाय बदलला तिनं.”

पलीकडं पेला ठेवल्याचा आवाज आला.

“सुदा?”

“हो आबा. बरं झालं.” पोराचा आवाज कोरडा होता. “बरंच झालं. मग... जेवला का?”

“जळका वास येतोय, असं मी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं.”

“हो.”

“मंग?”

कबुतरी घुमली. ‘ठिव’ म्हणायची वेळ आली होती, ती सोपाननं जाऊ दिली.

“कळलं व्हतं आबा,” सुदर्शन म्हणाला. “वास म्हणालात तेव्हाच कळलं व्हतं. पण ते सांगितलं असतं तर काम त्याच दिवशी संपलं असतं ना. दुसऱ्या दिवशी फोन करून काय इचारायचं मग? मला तुमाला दुसरं काय इचारता येतं?” मग तो भराभर, पाय घसरल्यासारखा बोलत गेला. “हितं दिवसभर कोन बोलत न्हाई माझ्याशी. काम पडद्यावर येतं, पडद्यावरच जातं. तुमी स्क्रू काढायला बसलात की मी नुसता ऐकत बसायचो. तुमी खोकता, पातेलं सरकवता, बाळासाहेबाला शिव्या घालता. तेवढं ऐकलं की मला जेवन जायचं. चुकलं माझं. तुमच्या गुडघ्याचा इचार केला न्हाई मी.”

“गुडघ्याला काय झालंय,” सोपान म्हणाला.

अशा वेळी आजवर भागूबाई फोन हातातून घ्यायची आणि काय ते बोलायची. सोपाननं शेजारी बघितलं. ओट्यावर कुणी नव्हतं. जे बोलायचं ते आता त्यालाच बोलायला लागणार होतं, आणि ते कसं बोलतात ते त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

“सुदा,” तो म्हणाला, “मला हे घर खायला उठतं रं. रोज उठतं. तू म्हनशील म्हातारा रडगानं गातोय, म्हनून म्या बोललो न्हाई. पोरानं आपून होऊन यावं, अशी वाट बघत बसलो, अन् तू तिकडं... कंप्युटर राहू दे चालू न्हाईतर बंद. तुझं काम हितं बसून कर, न्हाईतर करू नको. पन तू ये. मला तू हवा हायेस घरात.”